‘दिसभर बसूनच असते की’

भाद्रपदातली दुपार होती. केज तालुक्यातल्या एका गावात बांधावर बसून मी एका मावशींची मुलाखत घेत होते. फॉर्ममधला शेवटून दुसरा प्रश्न : रोज एकूण किती वेळ बसून असता? मावशी म्हणाल्या, “दिसभर बसूनच असते की.” म्हणजे किती तास? “सकाळी धा ते सांच्याला पाच.” मी टॅबवर सात तास टाकले, आभार मानले आणि पुढच्या घराकडे निघाले. मावशी पुन्हा सोयाबीनच्या पाटात उतरल्या. हातात खुरपं.

दसऱ्यानंतर सुपरवायझर सरांचा फोन आला. “मॅडम, या गावातल्या सगळ्या बायका तहसीलला नोकरीला आहेत का?” मी घेतलेल्या मुलाखतींपैकी एकतीस बायका दिवसाला सहा तासांहून जास्त ‘बसून’ होत्या. आणि त्या खरंच बसून होत्या. खुरपणी उकिडवं बसूनच करतात, एकेक वीत पुढे सरकत. त्यांचं उत्तर बरोबर होतं. चुकला होता तो आमचा मराठी प्रश्न, आणि त्याहून जास्त मी, कारण खुरपं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

लोकांची हालचाल, खाणं-पिणं, तंबाखू आणि त्यातून येणारे बीपी-शुगरसारखे आजार यांचा वस्तीवस्तीत जाऊन अभ्यास करायचा, या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मराठवाड्यात हे काम करणारे आहेत, पण ‘यात करिअर कसं करायचं’ हे सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं.

मी अंबाजोगाईची, शिक्षण बीएचएमएस. दवाखाना टाकावा की नाही या घोळात असताना पेपरात फील्ड इन्व्हेस्टिगेटरच्या वॉक-इन इंटरव्ह्यूची जाहिरात दिसली. तीन महिन्यांचं कंत्राट होतं. घरच्यांना वाटलं, तेवढाच विरंगुळा. ते तीन महिने संपल्यावर मी एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्स डिग्रीला, प्रवेश घेतला. माझं मत विचाराल तर हाच क्रम बरा : आधी फील्ड, मग डिग्री. उलट्या क्रमाने आलेली मुलं हुशार असतात, पण चावडीवर पहिल्यांदा कुणी “पुन्हा आला का तुम्ही लोक?” म्हणालं की गडबडून जातात.

शिकायच्या जागा थोडक्यात. मुंबईत टिसला (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) एमपीएच आहे. देवनारची आयआयपीएस ही 1956 सालची संस्था लोकसंख्याशास्त्र आणि बायोस्टॅटिस्टिक्ससाठी देशात नावाजलेली. चेन्नईला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एनआयई ही साथरोगशास्त्राची संस्था, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्था. डॉक्टरच असायला हवं असं नाही. नर्सिंग, एमएसडब्ल्यू, स्टॅटिस्टिक्स, बीपीएड, होम सायन्स अशा सगळ्या वाटांनी आलेले लोक माझ्याबरोबर आहेत. फी परवडत नसेल तर एनआयईचे ऑनलाइन मूलभूत कोर्स एनपीटेल या सरकारी शिक्षण-पोर्टलवर आहेत, तिथून सुरुवात करा. आणि आपल्या जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात जाऊन ‘एखादा प्रोजेक्ट चालू आहे का’ असं तोंडाने विचारा. बऱ्याच जाहिराती नोटीस बोर्डाच्या पुढे जात नाहीत.

आता त्या फॉर्मबद्दल. शारीरिक हालचाल मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची जीपॅक नावाची सोळा प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. ती हालचालीचे तीन कप्पे करते : कामातली, जाण्यायेण्यातली आणि फावल्या वेळातली. शिवाय बसण्याचा वेळ वेगळा. मध्यम कामाच्या एका मिनिटाला 4 आणि जड कामाच्या मिनिटाला 8 मेट धरायचे. (मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराच्या किती पट ऊर्जा लागते, त्याचं माप.) आठवड्याला 600 मेट-मिनिटं भरली की माणूस पुरेसा हालचाल करणारा. सल्ला देताना आपण जी ‘आठवड्याला दीडशे मिनिटं’ म्हणतो ती इथंच बसतात : 150 गुणिले 4. जड व्यायामाची 75 मिनिटंही तेवढीच भरतात. हा हिशोब तोंडपाठ हवा, मुलाखतीत हमखास विचारतात.

कागदावर सोपं वाटतं. पण मूळ प्रश्नावलीत जड काम म्हणजे ज्यात श्वास आणि ठोके खूप वाढतात ते काम. आमच्या पहिल्या भाषांतरात होतं, ‘धाप लागेल असं काम’. निम्मे लोक घाबरून सांगायचे, “न्हाई न्हाई, दमा न्हाई मला.” मग ‘नेहमीच्या आठवड्यात’ हा शब्द. कोणता आठवडा नेहमीचा? सोयाबीनची रास चालू असतानाचा, की चैत्रात शेतात काहीच नसतं तेव्हाचा? आणि ‘फावल्या वेळातला खेळ किंवा व्यायाम’ म्हटलं की बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. एकीने विचारलं, “पंचमीला फुगड्या खेळतो, त्या धरायच्या का?” धरायच्या नव्हत्या, नेहमीच्या आठवड्यात बसत नव्हत्या. पण पाच-सहा मुलाखतींनंतर एखाद्या घरात मिळालेला मोकळा हशा तो तेवढाच.

वाचायला कुठून लागायचं, तर जेरी मॉरिस यांच्यापासून. 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. लंडनच्या डबलडेकर बसमधले ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढ-उतार करणारे. अशा सुमारे 31,000 वाहतूक कामगारांत ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त निघाला, कंडक्टरांना कमी, आणि झाला तरी सौम्य. (आपल्या लालपरीत हा अभ्यास जमणार नाही. आमच्या अंबाजोगाई-लातूर गाडीत गर्दी नसेल तर कंडक्टर तिकिटं फाडून दारापाशी बसतो तो लातूरलाच उठतो.) मला मात्र खरा धडा दिला तो मॉरिस यांच्या पुढच्या पेपरने. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं काढली. ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, नव्याने भरती झालेल्यांचीसुद्धा. मग आजार बसल्यामुळे झाला, की मुळात जाडजूड माणसंच ड्रायव्हर होत होती? स्वतःच्याच निष्कर्षाला असा खडा मारून बघणारा माणूस मला फार आवडला. एपिडेमिओलॉजीत (आजार कुणाला, किती आणि का होतात याचं शास्त्र) ‘कन्फाउंडिंग’, म्हणजे दिसणाऱ्या कारणामागे लपलेलं दुसरं कारण, शिकवतात तेव्हा मुलं व्याख्या पाठ करतात; विजारीची गोष्ट लक्षात ठेवा, व्याख्या आपोआप येईल.

फील्डवर पहिली अडचण वयाची येते. जन्मतारीख विचारली की म्हातारी माणसं आधार कार्ड पुढे करतात आणि त्यावर एक जानेवारी किंवा एक जून असतं. म्हणून घटनांचं कॅलेंडर जवळ ठेवायचं. आपल्याकडे तीन खुंट्या पक्क्या आहेत : रझाकाराचं साल म्हणजे 1948, बहात्तरचा दुष्काळ आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप. “दुष्काळात मी खडी फोडायला जायची, तवा थोरला पोटात होता.” “भूकंप झाला त्या रात्री गणपती बुडवून आलो होतो, मी धाव्वीत.” पाच-दहा मिनिटं जातात, पण आधार कार्डापेक्षा बरं वय मिळतं.

दुसरी अडचण, बोलायचं कुणाशी. एका घरातून एकच प्रौढ व्यक्ती निवडायची असते, तीही चिठ्ठी टाकल्यासारखी, कॉम्प्युटरच्या हिशोबाने. नेमकी सून निवडली जाते आणि सासरे म्हणतात, “तिला काय कळतंय, मला इचारा.” त्यांना नाही म्हणता येत नाही आणि त्यांना विचारताही येत नाही. मी काय करते, तर त्यांचं बीपी आधी मोजून देते. ते आकडे डेटात जात नाहीत, पण ते शांतपणे खाटेवर बसतात आणि सून मोकळेपणी बोलते. मिसरी लावता का, हा प्रश्न तर सासू-सासरे ऐकत असताना विचारूच नका. ‘नाही’ शिवाय दुसरं उत्तर येत नाही.

बीपीबद्दल फाजील आत्मविश्वास नको, डॉक्टर असलात तरी. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर. तीन वेळा मोजायचं आणि शेवटच्या दोनांची सरासरी घ्यायची. हे सगळं अशा घरात, जिथं खुर्ची नाही. आम्ही अंगणवाडीतून प्लास्टिकची खुर्ची उचलून घरोघर फिरवायचो, हाताखाली पायलीचं माप उलटं ठेवायचो. माणूस नुकताच तंबाखू मळून बसला असेल तर अर्धा तास थांबायचं. घट्ट बाहीचं ब्लाउज वर सरकवून पट्टा बांधू नका, आकडा बिघडतो. कंबर मोजताना बाई कार्यकर्तीच हवी आणि आडोसा हवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची. नऊवारी असेल तर ओच्याच्या जाडीसकट मोजणी होते, ते टाळा. भारतीयांसाठी पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही रेषा आहे. एका ओच्याने माणूस या रेषेच्या अलीकडचा पलीकडे जातो.

प्रश्नावर विश्वास नसेल तर यंत्र लावा, असं कुणीही म्हणेल. आम्हीही लावलं. हालचाल टिपणारा काड्यापेटीएवढा ॲक्सेलरोमीटर, इलॅस्टिकच्या पट्ट्याने कमरेला, सात दिवस. पहिल्याच गावात अफवा उठली की यात बोलणं रेकॉर्ड होतं. ती निवळली. पण खुरपणीची अडचण तशीच राहिली : कमरेवरचं यंत्र चालणं चांगलं पकडतं, उकिडवं बसून हाताने केलेलं काम किंवा डोक्यावरचा भारा त्याला धड कळत नाही. म्हणजे यंत्राच्या लेखीसुद्धा मावशी बसूनच होत्या.

सरांच्या फोननंतर मी त्या एकतीस घरांकडे परत निघाले, तोवर दिवाळी होऊन गेली होती. बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर सर्व्हे म्हणजे काय हे तेव्हा कळलं. घरांना कुलपं. टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या, गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. एकतीसपैकी अकरा बायका भेटल्या. त्या मावशी भेटल्या नाहीत, त्यांच्या सासूने सांगितलं, “आता होळीनंतर या.” कुलूपबंद घर ‘नकार’ म्हणून नोंदवायचं की ‘अनुपस्थित’, यावर आमच्यात बराच वाद झाला. कारण जे गेले तेच गावातले सर्वांत जास्त राबणारे. त्यांना वगळून काढलेली टक्केवारी ही मागे राहिलेल्यांची टक्केवारी. तुमच्या अभ्यासाचं वेळापत्रक पुण्या-मुंबईत ठरत असेल तर हे तिथं आधीच सांगा. मी सांगितलं नव्हतं, मला वाटलं त्यांना माहीत असेल.

असे आकडे मग देशभराच्या चित्रात जातात. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी सर्व्हेच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रही होता, त्यात 54.4 टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. 2024 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने 2022 साठी भारताचा अंदाज 49.4 टक्के दिला, बायकांमध्ये 57, पुरुषांमध्ये 42. हे आकडे मी खोटे म्हणत नाही. लातूरच्या कॉलनीतल्या घरांत मीही तेच पाहिलंय : दारात स्कूटी, कोपऱ्यावर ट्यूशन, आणि वडिलांची शुगर तीनशे. फक्त 57 हा आकडा वाचला की मला एकदा तरी खुरपं आठवतं.

यावर आणखी एक गुंता आहे. रोजगाराचं जड काम हृदयाला फावल्या वेळातल्या व्यायामाइतकं फायद्याचं नसावं, असं काही युरोपीय अभ्यासांतून पुढे आलंय. कारण कामात आपल्या मर्जीने थांबता येत नाही, तासन्‌तास एकाच प्रकारे शरीर वाकतं, विश्रांती कमी. यावर अजून वाद चालू आहे. पण म्हणून ‘राबणाऱ्याला बीपी होत नाही’ हा आपल्याकडचा समज धरून चालू नका. धारूरजवळ एका गड्याचं वरचं बीपी तिन्ही वेळा 190 च्या पुढे आलं. “चक्कर येत न्हाई तर बीपी कशाचं?” आम्ही चिठ्ठी दिली, आशाताईंना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कुणी आरोग्य केंद्रात गेलं का, ते विचारलं. चिठ्ठी देऊन मोकळं व्हायचं नसतं. आशाताईंच्या तपासणी यादीतही तिशीपुढच्या प्रत्येकाला दीडशे मिनिटांचा प्रश्न आहे. एकीने मला विचारलं, “हापशावरून पाणी आणणं धरायचं का मॅडम?” म्हटलं, धरा.

टेबलावरचं काम फील्डइतकंच मोठं, पण त्याबद्दल सांगण्यासारखं कमी. आकडेमोडीचं ‘आर’ हे सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे. कोबो या सर्व्हेच्या ॲपवर फॉर्म बनवताना अशक्य उत्तरं अडवणाऱ्या अटी टाका. काम, प्रवास, झोप आणि बसणं यांची बेरीज चोवीस तासांच्या वर जाताच टॅबने ओरडलं पाहिजे. सरावासाठी एनएफएचएसचा (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) आणि 45 वर्षांपुढच्या लोकांवरच्या ‘लासी’ या सर्वेक्षणाचा डेटा अभ्यासकांना मागून मिळतो. पैशाचं म्हणाल तर कंत्राटं छोटी असतात. एका ठिकाणी माझी प्रवासभत्त्याची बिलं सात महिने अडकली, कारण वडापच्या जीपचं तिकीट मिळत नाही आणि त्यांना तिकीट हवं होतं. तेव्हापासून मी रुजू होण्याआधीच विचारते : तिकीट नसेल तर काय चालेल? लेखी द्या.

होळीनंतर मी त्या गावी गेले. मावशी परतल्या होत्या, हातावर पाचटाने ओरखडे. या वेळी आमचा प्रश्न बदललेला होता : काहीही काम न करता, नुसतं टेकून, गप्पा मारत किंवा टीव्ही बघत, किती वेळ बसता? त्यांनी बराच विचार केला.

“जेवताना धरायचं का?”