माळ्यावरचा जुना ३८६-४८६ चालू करायच्या आधी बॅटरी बघा

नाशिकला पंचवटीतल्या वाड्यांमधे, सिडकोत, अजून कितीतरी घरी माळ्यावर जुना ३८६ नाहीतर ४८६ कॉम्प्युटर पडलेला असतो, तर तो खाली काढून लगेच प्लग लावू नका प्लीज, आधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर निळी किंवा हिरवी नळकांडीसारखी बॅटरी दिसते का बघा. ती बहुतेकदा ३.६ व्होल्टची निकेल कॅडमियमची असते, वर्षांनुवर्षं पडून राहिली की लीक होते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या ट्रेस (वीज वाहून नेणाऱ्या बारीक रेषा) खाऊन टाकते, बोर्ड मरायचं सगळ्यात मोठं कारण हेच. हिरवट पांढरा बुरशीसारखा थर दिसला तर बॅटरी कापून काढा, डाग व्हिनेगर लावून जुन्या टूथब्रशने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात तर दोन दिवस द्याच.

तिच्या जागी सीआर२०३२ (गोल चपटा बटण सेल) थेट सोल्डर अजिबात करू नका, बोर्ड बॅटरी चार्ज करायला बघतो आणि हा सेल चार्जिंगचा नाहीये, मधे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) हवाच. बहुतेक बोर्डवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिना असतात, त्या वापरा.

बॅटरी गेली की बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) हार्ड डिस्कची माहिती विसरतो, म्हणून डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे लिहून ठेवा, बायोसच्या सेटअपमधे टाइप ४७ किंवा 'युजर' (आपले आकडे स्वतः भरायचा पर्याय) घेऊन तेच टाका.