भिंतीआडचा मावळा दिसत का नव्हता

पोर्टफोलिओसाठी रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम (पाळीपाळीने नव्हे, सगळे एकाच वेळी सैन्य हलवतात तो लढाईचा खेळ) करायला घेतलाय ना? मग नकाशा कोणता, हे मी न विचारता सांगते. किल्ला. पुण्या-साताऱ्याकडचं कुणी असेल तर सिंहगड, आणि बायोडेटात एक ओळ ठरलेली: 'वास्तववादी भूभाग व दृश्यता', म्हणजे कोण कुणाला दिसतं याचा खरा हिशेब. मी हेच केलं होतं. त्या ओळीमुळे मला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्या ओळीमुळेच नोकरी हुकली. फॉग ऑफ वॉर (आपल्या शिपायांना न दिसणारा भाग झाकणारा अंधार), ग्रिड (नकाशाची चौकोनी घरं), हाइटमॅप (जागोजागच्या जमिनीच्या उंचीची नोंद) एवढं माहीत आहे असं धरून पुढचं लिहितेय.

माझी सुरुवात चिडण्यातून झाली. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये साध्या तिरंदाजाचा पल्ला ४ घरं, आणि टाउन सेंटर ही एक इमारतच ४ बाय ४ घरांची. म्हणजे चावडीच्या या भिंतीवरून सोडलेला बाण त्या भिंतीपर्यंत जेमतेम पोचणार. उंचावरून मारलं की नुकसान २५ टक्के जास्त, खालून वर मारलं की २५ टक्के कमी. का, तर तसं ठरवलंय म्हणून. १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्ये खालून वर झाडलेली गोळी लागायची शक्यता ५३ टक्क्यांच्या आसपास, जवळपास नाणेफेकच. आणि सगळीकडे नजर म्हणजे शिपायाभोवती आखलेलं एक वर्तुळ.

आता सिंहगडावर जाऊन कड्याच्या काठाशी उभे राहा. लांबचं खडकवासल्याचं पाणी दिसतं, पण तुमच्याच पायाखालचा कडा दिसत नाही. तो बघायला ओणवं व्हावं लागतं, आणि ओणवा झालेला पहारेकरी खालच्या माणसाला आयता सापडतो. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजीची माणसं रात्री कडा चढून वर आली, त्यात अंधाराइतकाच या न दिसणाऱ्या पट्ट्याचाही हात असणार, असं माझं मत आहे. किल्ले बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. बुरूज तटाच्या बाहेर काढायचा तो तटाचा पायथा बाजूने दिसावा आणि मारता यावा म्हणून. जंग्या (तटातली बंदूक झाडायची भोकं) खाली तिरक्या कोरायच्या त्याही त्याचसाठी. गेममध्ये मात्र कड्यावर एक शिपाई उभा केला की पायथ्याची मुंगीसुद्धा उजेडात.

तर मी ठरवलं, आपण खरं करायचं. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अवकाशयानाने रडारने मोजलेली जमिनीची उंची फुकट मिळते, ती घेतली. ३० मीटरला एक ठिपका. ३० मीटरमध्ये सह्याद्रीचा सरळसोट कडा म्हणजे घसरगुंडी होते, तटबंदी तर नाहीशीच. शिवाय दाट रानात ते रडार जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, वरच्या झाडोऱ्याचीच उंची बऱ्याच अंशी मोजतं. त्यावर मी पुन्हा झाडं लावली, म्हणजे रान दुप्पट उंच. हे दुरुस्त करायला दोन महिने गेले. हा खड्डा किरकोळ होता, यातून कुणीही बाहेर येतं.

खरा खड्डा पुढे आहे. तो मी सविस्तर सांगणार, कंटाळा आला तरी वाचा.

मुलाखतीत तिथल्या लीड डिझायनर सरांनी माझा डेमो खेळायला घेतला. एक मावळा दगडी भिंतीला खेटून उभा केला, समोरून मुघलांचे दहा शिपाई चालवत आणले. मावळ्याने एकेक करून दहाही पाडले. शिपाई मैदानात उभे राहून इकडेतिकडे बघत मेले. सर म्हणाले, "हा कुठून मारतोय?" मी म्हटलं, "सर, भिंतीमागून." ते म्हणाले, "ते मला दिसतंय. यांना का दिसत नाही?" मला उत्तर आलं नाही. घरी येऊन वहीत गणित मांडलं तेव्हा कळलं.

तुम्हीही मांडा. सपाट जमीन. मावळा आणि शिपाई यांच्यात १० घरं. भिंत १ मीटर उंच, मावळ्यापासून एका घरावर. दोघांचे डोळे १.६ मीटरवर. माझा कोड बघणाऱ्याच्या डोळ्यापासून समोरच्याच्या पायापर्यंत रेघ ओढायचा, कारण हाइटमॅपमधून मिळते ती जमिनीची उंची, आणि मी तीच लक्ष्य म्हणून दिली होती. मावळा बघतो तेव्हा रेघ १.६ वरून निघते, दहाव्या घरावर शून्याला टेकते. भिंतीपाशी तिची उंची १.४४, म्हणजे भिंतीच्या वरून सुटते. शिपाई दिसला. आता उलट. शिपायाच्या डोळ्यातून निघालेली रेघ मावळ्याच्या पायाशी उतरते, आणि भिंतीपाशी येईस्तोवर ती फक्त ०.१६ मीटरवर असते. भिंतीवर आपटली. मावळा दिसला नाही. खऱ्या आयुष्यात शिपायाला मावळ्याचं डोकं आणि छाती व्यवस्थित दिसली असती. 'वास्तववादी' म्हणून मी जे बांधलं होतं त्यात भिंतीआडचा माणूस भूत होत होता. वर्तुळवाल्या गेमांत निदान हा अन्याय होत नाही: दोघांची नजर सारखी असेल तर मी तुला दिसतो आणि तू मला दिसतोस.

मग मी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत रेघ ओढली. भिंत सुटली, पण रानात भुतं उरलीच. कारण ग्रिडवर रेघ ओढायची ब्रेसनहॅमची पद्धत, जी सगळे डोळे मिटून उतरवतात, ती जाता-येता एकाच वाटेने जाईल असं नाही. (०,०) वरून (२,१) कडे निघा. मधल्या घरात उंची बरोबर अर्धी येते, आणि अर्ध्याचं काय करायचं ते कोड ठरवतो. माझा कोड आहे तिथेच थांबायचा. म्हणून जाताना मधलं घर (१,०) आणि येताना (१,१). त्यातल्या एका घरात झाड असेल तर एकाला दिसतं, दुसऱ्याला नाही. उपाय अगदी साधा आहे. दोन टोकांच्या घरांपैकी ज्या घराचा ग्रिडमधला क्रमांक लहान, तिथूनच रेघ सुरू करायची, बघणारा कुणीही असो. दोन ओळींचा बदल. त्या दोन ओळींना मला चार महिने लागले.

इथे मनातलं बोलून घेते. असेट स्टोअरवरचं (गेमचे तयार भाग मिळतात त्या दुकानातलं) तयार फॉग ऑफ वॉर प्लगिन लावून मोकळे होऊ नका. लावाच, पण उघडून वाचा. ते पडदा रंगवतं, कोण कुणाला दिसतं हा हिशेब बऱ्याचदा करतच नाही. आणि पैसे घेऊन 'रोडमॅप' देणारे मेंटॉर तर मला नकोच. माझ्या एका मेंटॉरने तीन सत्रांत मला शेडर (रंग आणि उजेड रंगवणारा कोड) सुंदर करायला लावले, एकदाही डेमो हातात घेऊन खेळला नाही. माझा धाकटा भाऊ खेळला, आणि दहा मिनिटांत म्हणाला, "ताई, हे चीटिंग आहे." मी त्याला हाकलून दिलं होतं.

घाबरू मात्र नका. बारावीला मला गणितात ५८ होते. वर लिहिलंय त्याहून अवघड गणित यात फार नाही. वेगाचंही फार मनावर घेऊ नका: २० घरांच्या नजरेत साधारण १,२५० घरं येतात, २०० शिपाई म्हणजे अडीच लाख रेघा, त्या दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) ओढल्या की लॅपटॉपचा पंखा विमानासारखा वाजणारच. जो हलला त्याचीच नजर मोजा, तीही सेकंदाला पाच वेळा. पुरतं.

यानंतर माझं मत बदललं ते वेगळ्याच कारणाने. हिशेब बरोबर झाला, तरी खेळणारे वैतागत होते. उताराच्या फुगवट्यामागे शत्रू गायब व्हायचा. खऱ्या डोंगरात होतोच. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने आपलं बरंचसं सैन्य असंच टेकाडाच्या पाठउतारावर दडवलं होतं. पण खेळणारा शिपायाच्या जागी नसतो, तो घारीच्या जागी असतो. वरून त्याला तो फुगवटा सपाट दिसतो. जे त्याला दिसतच नाही त्याची शिक्षा त्याला का? म्हणून स्टारक्राफ्ट २ मध्ये उंचीच्या मोजक्या पायऱ्या आहेत, कडा ठसठशीत आहे, आणि नियम एकच: वर काय आहे ते दिसत नसेल तर मारता येत नाही. कंपनी ऑफ हीरोज २ मध्ये नजर अडते ती इमारत, कुंपण, धूर यांना, म्हणजे खेळणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंना. वॉर्नोसारख्या गेमात जमीन बरीच खरी आहे, पण एक कळ दाबली की इथून काय दिसेल ते नकाशावरच रंगून येतं. मी ज्यांना आळशी समजत होते त्यांनी हा विचार माझ्या आधी केला होता.

काही खोटं तर खऱ्याहून खरं निघालं. स्टारक्राफ्ट २ मधला सीज टँक (लांब पल्ल्याचा तोफगाडा) १३ घरं मारतो आणि त्याला दिसतात ११. मी यावर खूप हसले होते. पण तोफेला स्वतःचं लक्ष्य दिसत नसतंच, दुसऱ्या कुणाचे डोळे लागतात. १९९९ मध्ये कारगिल युद्धात तोलोलिंग शिखरावर बसलेल्या घुसखोरांना खालचा द्रासचा महामार्ग दिसत होता, म्हणून त्यावर पाकिस्तानी तोफांचा मारा नेमका पडत होता. सगळी लढाई त्या डोळ्यांना तिथून हुसकावण्याची होती.

मग मी बारीक चढउतार नजरेच्या हिशेबातून काढून टाकले. कडा, तट, दाट रान एवढंच ठेवलं. कड्याखाली तीन घरांचा आंधळा पट्टा ठेवला, आणि शिपाई निवडला की तो पट्टा काळपट दिसतो. बायोडेटातली ती ओळ खोडली. दुसऱ्या ठिकाणी ज्युनिअर गेमप्ले प्रोग्रॅमर म्हणून घेतलं, तेव्हा मुलाखतीत त्या भिंतीचीच गोष्ट अर्धा तास चालली.

एक अपवाद मात्र मी मुद्दाम ठेवला. जंगी. तिथे एकतर्फी नजर खरीच असते, आतल्याला बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला भोकापलीकडचं काही दिसत नाही. त्यासाठी एक नियम केला: आतून बंदूक झाडली की जंगीतून धूर येतो, आणि दोन सेकंद ती जागा सगळ्यांना दिसते. पहिल्या चाचणीत तो धूर तटाच्या आतल्या बाजूला निघत होता.