मॉडेल रेल्वेतली विटांची भिंत खरी दिसण्यासाठी
एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, आपली नऊ इंची वीट जेमतेम २.६ मिलिमीटर लांब होते. एवढ्याशा विटेवर चकचकीत लाल रंग दिला की स्टेशन खेळण्यातलं वाटायला लागतं. प्लास्टिकच्या भिंतीला मॅट, मातकट तांबडा ॲक्रिलिक द्या आणि रात्रभर सुकू द्या. मग वॉल पुट्टीत चिमूटभर राखाडी रंग मिसळून ती ताकासारखी पातळ करा, बोटाने दरजांत भरा आणि लगेच ओलसर फडक्याने तिरकं पुसा. दरजांच्या रेषेत पुसलंत तर आत भरलेली पुट्टीही निघून येते. सुकल्यावर दहातली एखादी वीट रंगीत पेन्सिलीने काळपट करा. माझा सगळ्यात आवडता भाग शेवटचा: पन्हळीखाली पावसाचा हिरवट ओघळ, अगदी पुसट.