सिप सर्व्हरवरचे पत्ते: या चुका टाळा

कॉल लागतो. दोन्हीकडचा आवाज स्वच्छ येतो. माणसं हालहवाल उरकून मुद्द्यावर येतात आणि बत्तिसाव्या सेकंदाला कॉल तुटतो. पुन्हा लावला, पुन्हा बत्तीस. एका कार्यालयात हा प्रकार बघायला गेलो तेव्हा तिथल्या मंडळींनी दोन दिवसांत स्विच बदलला होता, केबली बदलल्या होत्या, इंटरनेटवाल्याशी भांडणही झालं होतं. दोष होता सर्व्हरच्या फाइलमध्ये लिहायची राहून गेलेल्या एका ओळीचा.

बत्तीस हा आकडा उगाच येत नाही. सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्या-तोडण्याचे निरोप पाठवायची पद्धत, आणि तिचं मूळ मानक म्हणजे जून २००२ चं आरएफसी ३२६१. त्यात टी-वन नावाचा टायमर ५०० मिलिसेकंदांचा धरलेला आहे. कॉल उचलला की उचलणारी बाजू '२०० ओके' पाठवते आणि समोरून त्याची पोच, म्हणजे 'ॲक', यावी लागते. ती आली नाही तर तेच '२०० ओके' पुन्हा पुन्हा जात राहतं आणि टी-वनच्या ६४ पट वेळ, म्हणजे ३२ सेकंद, वाट पाहून कॉल सोडून दिला जातो. त्यामुळे असा कॉल दिसला की आवाजाच्या आणि केबलच्या मागे लागू नका. पोच कुठे गेली ते शोधा.

पोच हरवते ती पत्ता चुकल्यामुळे. सिपच्या एकाच निरोपात पत्ता चार-पाच जागी लिहिलेला असतो आणि प्रत्येक जागेचं काम निराळं असतं. टपालाशी ताडून पाहा. पाकिटावरचा पत्ता म्हणजे रिक्वेस्ट-यूआरआय, पोस्टमन तेवढाच वाचतो. आतल्या कागदावर 'प्रति' म्हणून लिहिलेलं नाव म्हणजे 'टू' हेडर (हेडर म्हणजे निरोपातली एकेक नोंद) आणि शेवटी 'आपला' याच्याखालचं नाव म्हणजे 'फ्रॉम'. 'कॉन्टॅक्ट' म्हणजे 'यापुढील पत्रव्यवहार खालील पत्त्यावर करावा' ही ओळ. 'व्हाया' म्हणजे उत्तर ज्या वाटेने परत यायचं ती वाट. मी पाहिलेले बहुतेक बिघाड यातला एक पत्ता दुसऱ्याच्या जागी वाचल्याने किंवा लिहिल्याने झालेले आहेत.

पुढे सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून लिहायची. उदाहरणं ॲस्टेरिस्क आणि कामाइलिओ या दोन सर्व्हरांची घेतली आहेत.

कॉन्टॅक्टमध्ये घरातलाच पत्ता

सर्व्हर राउटरच्या मागे असतो, त्याचा स्वतःचा आयपी १९२.१६८ ने सुरू होणारा. सेवादात्याकडून, म्हणजे फोनचे नंबर देणाऱ्या कंपनीकडून, कॉल येतो, सर्व्हर '२०० ओके' पाठवतो आणि कॉन्टॅक्टमध्ये हाच खासगी आयपी लिहितो. सेवादाता इमानदारीत त्या पत्त्यावर ॲक पाठवतो आणि तो पत्ता त्याच्या नेटवर्कमध्ये कुठेच नसतो.

मग आवाज कसा येत होता? ॲस्टेरिस्कच्या पीजेसिपमध्ये, म्हणजे सिप हाताळणाऱ्या आताच्या ड्रायव्हरमध्ये, बाहेरचा पत्ता दोन ठिकाणी सांगावा लागतो: 'एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस' आवाजासाठी आणि 'एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस' निरोपांसाठी. जुन्या चॅन-सिपमध्ये एकाच ओळीत दोन्ही भागत असे. ते ड्रायव्हर २०२३ मधल्या ॲस्टेरिस्क २१ पासून काढूनच टाकलं आहे. जुन्या फाइली नव्यावर उतरवताना लोक मीडियाची ओळ लिहितात, आवाज आला की समाधान मानतात आणि दुसरी ओळ राहून जाते. वर सांगितलेल्या कार्यालयात नेमकं हेच झालं होतं.

याच जागी आणखी दोन गोष्टी अडकवतात. 'लोकल नेट' मध्ये आपले सगळे आतले सबनेट, म्हणजे आतल्या नेटवर्कचे पत्त्यांचे गट, लिहा. व्हीपीएनवरून येणाऱ्या शाखेचा सबनेट राहिला तर तिथल्या फोनना कॉन्टॅक्टमध्ये सार्वजनिक पत्ता जातो आणि शाखेचे फोन अधूनमधून रुसल्यासारखे वागतात. दुसरं म्हणजे, ट्रान्सपोर्टच्या विभागातला, म्हणजे या ओळी जिथे असतात तिथला, बदल नुसत्या रीलोडने लागू होत नाही, 'अलाउ रीलोड' मुद्दाम चालू केलेलं नसेल तर सर्व्हिस पूर्ण बंद करून सुरू करावी लागते. बरोबर दुरुस्ती करून, रीलोड देऊन, 'याचाही उपयोग झाला नाही' म्हणत ती ओळ खोडणारी माणसं मी पाहिली आहेत. वाईट वाटतं.

घरून काम करणाऱ्यांच्या फोनचं दुखणं उलट बाजूचं. तिथे फोनच आपला खासगी पत्ता कॉन्टॅक्टमध्ये पाठवतो. अशा फोनच्या एंडपॉइंटला, म्हणजे सर्व्हरवरच्या त्याच्या नोंदीला, 'रिराइट कॉन्टॅक्ट', 'फोर्स आरपोर्ट' आणि 'आरटीपी सिमेट्रिक' चालू ठेवा, 'डायरेक्ट मीडिया' बंद ठेवा. पण 'रिराइट कॉन्टॅक्ट' डोळे मिटून ट्रंकलाही, म्हणजे सेवादात्याशी जोडणाऱ्या लाइनलाही, लावू नका. सेवादात्याने कॉन्टॅक्टमध्ये वेगळा पत्ता दिला असेल तर तो बहुधा विचार करूनच दिलेला असतो. आणि या सगळ्याच्या आधी घरच्या राउटरमधलं 'सिप एएलजी' बंद करा. ते मदतीच्या नावाखाली निरोपातले पत्ते स्वतःच बदलतं आणि मग सर्व्हरवर काय चुकलं ते कळायला मार्ग राहत नाही.

पाकीट न वाचता 'प्रति' वाचणं, आणि उलट

आलेला कॉल कुठल्या नंबरसाठी आहे हे साधारणपणे रिक्वेस्ट-यूआरआयमधून कळतं. मात्र ट्रंक रजिस्टर करून, म्हणजे आपला पत्ता सेवादात्याकडे नोंदवून, चालवली असेल तर काही सेवादाते रिक्वेस्ट-यूआरआयमध्ये तुम्ही रजिस्टर करताना दिलेलं नाव घालतात आणि ग्राहकाने फिरवलेला खरा नंबर फक्त 'टू' मध्ये असतो. मग वीस नंबर विकत घेतलेले असूनही सगळे कॉल एकाच रिसेप्शनवर जाऊन पडतात. उपाय सोपा आहे: त्या ट्रंकच्या कॉन्टेक्स्टमध्ये (तिथून आलेल्या कॉलना लागू होणाऱ्या नियमांच्या गटात) 'टू' हेडर वाचून त्यातला नंबर वेगळा काढा. हे फक्त त्या ट्रंकपुरतं करा. सगळीकडे 'टू' वर विसंबलात तर फॉरवर्ड होऊन आलेले कॉल चुकीच्या टेबलावर वाजतील, कारण फॉरवर्ड करताना पाकिटावरचा पत्ता बदलतो, 'प्रति' मात्र जुनंच राहतं.

नंबरांचे नियम आणि त्यांचा क्रम

आपल्याकडे एकच मोबाइल नंबर चार रूपांत येतो: नुसते दहा अंक, आधी शून्य, आधी ९१, आधी +९१. त्यात १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना शून्य लावणं सक्तीचं झालं, त्यामुळे ऑफिसातल्या लोकांच्या बोटांना शून्याची सवय आहे. सर्व्हरच्या दारातच प्रत्येक नंबर +९१ च्या रूपात आणा आणि आत तेच एक रूप वापरा. बाहेर जाताना ज्या ट्रंकला जे हवं ते द्या.

चूक होते ती क्रमात. 'पहिलं शून्य काढा आणि +९१ लावा' हा नियम वर ठेवला की ०० ने सुरू होणारा दुबईचा नंबरही त्यात सापडतो. म्हणून ०० आधी, ० नंतर. आणि या दोघांच्याही आधी ११२ आणि १०८. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी लोक १०८ फिरवतात, आणि 'आठ अंकांपेक्षा छोटा नंबर अवैध' असा नियम एखाद्या सर्व्हरवर शांतपणे बसलेला असतो. तो चुकलेला आहे हे ज्या दिवशी कळतं तो दिवस कुणावर येऊ नये. नुसती लांबी मोजून निर्णय घेणंही धोक्याचं आहे: १८०० चे टोल-फ्री नंबर दहा आकडीही आहेत आणि अकरा आकडीही, आणि दहा आकडी दिसला म्हणून त्याला मोबाइल समजून चालत नाही.

'#' चंही असंच. सिपच्या पत्त्यात युझरच्या भागात '*' चालतो, '#' चालत नाही, तो %२३ असा लिहावा लागतो. कॉल फॉरवर्ड करण्याचा कोड एका फोनवरून चालतो आणि दुसऱ्यावरून '४०४' (असा पत्ता सापडला नाही) येतो तेव्हा बहुतेक वेळा एकाने '#' तसाच पाठवलेला असतो आणि दुसऱ्याने %२३ करून.

पत्त्यात काय काय मावतं हे विसरणं

इथे मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, कारण ही चूक आवाज करत नाही. बिल आल्यावर दिसते.

सिपच्या पत्त्यात ॲटच्या आधीच्या भागात अंक-अक्षरांखेरीज '&', '=', '+', '$', ',', ';', '?' आणि '/' ही चिन्हं मानकानुसार सरळ चालतात. आता ॲस्टेरिस्कच्या डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कुठला नंबर कुठे लावायचा हे सांगणाऱ्या नियमांमध्ये, टिंबाने संपणारा पॅटर्न, म्हणजे 'एक अंक आणि पुढे काहीही', लिहून जे आलं ते 'एक्स्टेन' (फिरवलेला नंबर) जसंच्या तसं 'डायल' ला देणारी ओळ आठवा. डायलमध्ये '&' चा अर्थ 'आणि यालाही लावा' असा होतो. म्हणजे कुणी ५०० या एक्स्टेन्शनच्या पुढे '&' आणि तुमच्या ट्रंकचं नाव घालून परदेशातला महागडा नंबर जोडला, तर तुमचा सर्व्हर तो आज्ञाधारकपणे लावतो. पासवर्ड फुटलेला नसतानाही. ॲस्टेरिस्कसोबत येणाऱ्या सुरक्षेच्या टिपणातच हा धोका लिहिलेला आहे, पण ते टिपण उघडतं कोण.

टिंबाचा पॅटर्न शक्यतो टाळा, किती अंक अपेक्षित आहेत तेवढेच लिहा. टाळता येत नसेल तर 'फिल्टर' फंक्शनने फक्त अंक आणि '+' ठेवा, बाकी गाळून टाका. ओळख न पटलेल्या कॉलना बाहेर जाणारी वाट असलेल्या कॉन्टेक्स्टमध्ये कधीही पाठवू नका. ज्यांना परदेशी कॉल लागतच नाहीत त्यांच्यासाठी ०० बंद ठेवा. सर्व्हर ५०६० पोर्टवर इंटरनेटला उघडा केला की स्कॅन करणारे फार वाट पाहायला लावत नाहीत.

कोनी कंसाची किंमत

एका फोनवरून कॉल जातात, त्याला येत मात्र नाहीत. फोन टीसीपीवर रजिस्टर झालेला (टीसीपी आणि यूडीपी या निरोप वाहून नेण्याच्या दोन पद्धती). त्याच्या निरोपात कॉन्टॅक्टचा पत्ता < आणि > या कंसांशिवाय लिहिलेला आणि मागे अर्धविराम देऊन 'ट्रान्सपोर्ट=टीसीपी'. मानक स्पष्ट आहे: पत्त्यात स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह किंवा अर्धविराम असेल तर कंस लागतोच. नसेल तर अर्धविरामापुढचं सगळं पत्त्याचं न राहता हेडरचं होतं. सर्व्हरच्या लेखी त्या फोनचा पत्ता साधाच उरतो आणि तो यूडीपीवर शोधत बसतो. फोनचं फर्मवेअर बदलणं हा खरा इलाज. पण सर्व्हरवर आपण स्वतः हेडर लिहितो किंवा बदलतो तेव्हाही हीच चूक करतो, तिथे तरी कंस घाला.

आणि हेडर शोधायला हाताने पॅटर्न लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, हेडरची नावं लहान-मोठ्या अक्षरांत कशीही येतात आणि त्यांची एकाक्षरी रूपंही चालतात: फ्रॉमचं एफ, टूचं टी, कॉन्टॅक्टचं एम. सर्व्हरचं स्वतःचं फंक्शन हे सगळं जाणतं. ते वापरा.

स्वतःलाच न ओळखणारा सर्व्हर

कामाइलिओवर नवं डोमेन लावलं आणि 'अलायस' मध्ये लिहायचं राहिलं, तर रिक्वेस्ट-यूआरआयमधलं ते नाव सर्व्हरला परकं वाटतं. तो नावावरून आयपी सांगणाऱ्या डीएनएसला विचारतो, उत्तर येतं स्वतःचाच आयपी, आणि निरोप स्वतःलाच पाठवतो. मॅक्स-फॉरवर्ड्स, म्हणजे निरोप पुढे पाठवण्याची ठरलेली मर्यादा, संपेपर्यंत हे चालतं आणि शेवटी '४८३' येतो. '४८३' दिसला की आधी अलायस बघा.

मोठा निरोप, छोटी वाट

फोन रजिस्टर होतो, पण त्यावरून कॉल लागत नाही. असं असेल तर निरोपाची लांबी मोजा. रजिस्टरचा निरोप आटोपशीर असतो, इन्व्हाइटमध्ये, म्हणजे कॉल लावण्याच्या निरोपात, कोडेकची (आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतींची) लांबलचक यादी असते. पहिला इन्व्हाइट पोचतो, सर्व्हर '४०१' देऊन ओळख मागतो, फोन ओळखीचं हेडर जोडून दुसरा पाठवतो आणि तेवढ्या वाढीने तो एका पॅकेटात मावेनासा होतो. यूडीपीवर त्याचे तुकडे पडतात आणि वाटेतला एखादा फायरवॉल तुकडे टाकून देतो. सर्व्हरच्या नोंदीत मात्र '४०१ दिला, पुढे काही आलं नाही' एवढंच, म्हणून लोक पासवर्ड बदलत बसतात.

वाटेची क्षमता माहीत नसेल तर १३०० बाइटपेक्षा मोठी विनंती टीसीपीसारख्या वाहतुकीवरच पाठवावी, असं आरएफसी ३२६१ सांगतं. न लागणारे कोडेक काढा किंवा टीसीपी लावा. तपासताना एक खबरदारी घ्या: नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणाऱ्या टीसीपीडंपला फक्त 'पोर्ट ५०६०' असा फिल्टर दिला तर दुसरा तुकडा दिसतच नाही, कारण पोर्टचा आकडा पहिल्याच तुकड्यात असतो. त्या फोनच्या आयपीवर फिल्टर लावा.

हीच १३०० बाइटची मर्यादा सिपच्या 'मेसेज' या पद्धतीला आहे, जिने एका फोनवरून दुसऱ्यावर मजकूर जातो. मराठीत ती लवकर गाठली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना आणि हलन्तसुद्धा. हेडरचे बाइट वजा केले की चारशे चिन्हंही हाती उरत नाहीत. ॲस्टेरिस्कवर या मजकुरासाठी 'मेसेज कॉन्टेक्स्ट' वेगळा ठेवा, नाहीतर आलेला मजकूर कॉलच्याच डायलप्लॅनमध्ये शिरतो.

मजकूर पाठवणारी स्क्रिप्ट स्वतः लिहिली असेल तर 'कंटेंट-लेंग्थ' बाइटमध्ये मोजा. 'नमस्कार' या शब्दात सात चिन्हं आहेत, बाइट एकवीस. स्क्रिप्टने सात लिहिलं तर समोरच्या फोनवर 'नम' आणि एक तुटका बाइट उमटतो. यूडीपीवर उरलेले चौदा बाइट टाकून दिले जातात, पण टीसीपीवर ते पुढच्या निरोपाच्या तोंडाशी चिकटतात आणि पुढचा निरोप, मग तो कॉल असला तरी, वाचता येत नाही. इंग्रजी मजकुरावर ही चूक कधीच दिसत नाही, म्हणून चाचणीचा पहिला मेसेज मराठीतच पाठवा.