‘च’ लावायचा कुठे आणि म्हणायचा कसा

खानावळीच्या पाटीवर ‘घरच जेवण’ असं लिहिलं, तर त्याचा अर्थ निघतो: घर हेच जेवण. लिहायचं असतं ‘घरचं’. टिंब राहिलं की मालकी दाखवणारा ‘चं’ जातो आणि जोर देणारा ‘च’ येतो. ‘नाशिकच पाणी’, ‘आमच दुकान’ ही त्याच घरातली चूक. ‘त्याच घर’ आणखी फसवं, कारण ‘त्याच’ हा शब्दही बरोबरच आहे: त्याच घरात म्हणजे आधी सांगितलेल्या घरात, त्याचं घर म्हणजे त्याच्या मालकीचं. पाटी रंगवून घ्यायची असेल तर सरळ ‘घरचे जेवण’ लिहा. टिंब विसरतं किंवा उडतं, मात्रा सहसा उडत नाही.

जोर देणारा ‘च’ कायम शब्दाला चिकटून लिहायचा, मध्ये जागा नाही. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय असेल तर ‘च’ त्याच्यानंतर: ‘नाशिकमध्येच’, ‘गंगेवरच’. शब्दाचा शेवट ‘च’नेच होत असेल तरी घाबरू नका, ‘पाचच रुपये’ बरोबर आहे. ‘चा’ लागताना शब्दाचं सामान्यरूप होतं, ‘च’ लागताना होत नाही. म्हणून ‘मुलाचा’ पण ‘मूलच’, ‘दुधाचा’ पण ‘दूधच’. ऱ्हस्व-दीर्घाची बरीच भांडणं इथेच मिटतात.

आता जागा. ‘मी काल पंचवटीत गेलो होतो’ हे वाक्य घ्या. ‘मीच’ म्हटलं तर दुसरं कोणी नाही. ‘पंचवटीतच’ म्हणजे दुसरीकडे कुठे नाही. ‘कालच’ मात्र दोन अर्थांचा: परवा नव्हे, किंवा अगदी ताजी गोष्ट. ‘गेलो होतोच’ म्हटलं की जाणं ठरलेलंच होतं, मग बाकीचं कामही उरकलं, असा सूर लागतो. ज्या शब्दापुढे ‘दुसरं नाही’ हे मनातल्या मनात जोडता येतं, त्यालाच ‘च’ लावा. ‘मीच कालच पंचवटीतच’ असं केलंत तर जोर कशावर आहे ते कळत नाही. एका वाक्यात शक्यतो एकच पुरे.

क्रियापदाला लागल्यावर तो काळाशीही खेळतो. ‘आलोच’ हे रूप भूतकाळाचं, पण माणूस अजून आलेला नसतो. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर वाट बघणाऱ्याला फोनवर ‘आलोच’ ऐकू येतं, तेव्हा बोलणारा नाशिकरोडलाही असू शकतो. ‘पाऊस आलाच तर’ इथे ‘च’ खात्री देत नाही, उलट शक्यता कमी असल्याचं सांगतो. ‘पोहोचताच फोन कर’ यात तो ‘लगेच’ होतो. सगळ्यात जास्त घोळ ‘कधीच’चा: ‘तो कधीच गेला’ म्हणजे केव्हाचा गेला आणि ‘तो कधीच गेला नाही’ म्हणजे एकदाही नाही. मराठी नव्याने शिकणाऱ्याला ही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून दाखवा, नियम सांगू नका.

संस्कृतातला ‘च’ मात्र वेगळा, तो ‘आणि’. ‘रामः सीता च’ म्हणजे राम आणि सीता, ‘सीताच’ नव्हे.

मराठीत ‘च’चे उच्चारही दोन. एकात जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं आणि ‘त्स’सारखा आवाज येतो: चूल, चाक, चोर, पाच. दुसऱ्यात जीभ टाळूला लागते: चिवडा, चंद्र, चहा. इ, ई, ए, ऐ किंवा य पुढे आला की उच्चार टाळूचाच. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्दही टाळूचे, म्हणून ‘पंचवटी’त टाळू आणि ‘पाच वड’ म्हणताना दात. बाकी मराठी शब्दांत बहुतेक वेळा दात, पण ‘चार’ हा आकडा अपवाद. जुन्या लिखाणात तो ‘च्यार’ असाही सापडतो. ‘गाईला चार’ (म्हणजे खाऊ घाल) म्हणताना मात्र पुन्हा दात.

जोराचा ‘च’ नेहमी दातांचा: मीच, तूच. ‘त्याचा’, ‘त्याचं’ दातांचे, ‘त्याची’, ‘त्याचे’ टाळूचे. सरावाला ‘काचेचा ग्लास’ घ्या. नुसत्या ‘काच’मध्ये दात असतात, ‘काचे’ म्हणताना जीभ टाळूवर जाते आणि लगेच पुढच्या ‘चा’ला परत दातांवर येते. हळू म्हणून बघा, जिभेची ही ये-जा जाणवते.