कुठलाही फुटबॉल बघायला बसाल तेव्हा आधी हे बघा

मी नेरूळला राहतो, काम ऐरोलीला एका आयटी पार्कमध्ये, आणि आमची शिफ्ट ऑस्ट्रेलियाच्या वेळेला असल्यामुळे पहाटेची ठाणे लोकल ठरलेली. सोमवारी कॉल चालू व्हायच्या आधी पाच-दहा मिनिटं वीकेंडच्या गप्पा होतात, आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की मेलबर्नचा माणूस 'फूटी' म्हणतो तेव्हा तो एक खेळ असतो, सिडनीचा माणूस तोच शब्द वापरतो तेव्हा दुसराच असतो, आणि दुपारच्या कॉलवर डब्लिनची एक जण येते ती फुटबॉल म्हणते तो तिसराच. तिघांपैकी एकाचाही फुटबॉल म्हणजे मेस्सीचा फुटबॉल, म्हणजे सॉकर, नाही.

तेव्हापासून मी हे सगळे खेळ बघतोय, सोबत माझा भाचा, जो सीवूड्सच्या टर्फवर रोज खेळतो आणि त्याचा पहिला प्रश्न हाच होता, "मामा, हाताने खेळतात तर मग फुटबॉल कसला?" खूप जण इथेच अडकतात आणि टीव्ही बंद करतात, म्हणून सुरुवात इथूनच करू.

आपल्या डोक्यात असं असतं की सॉकर हा मूळ फुटबॉल आणि बाकीचे त्याचे बिघडलेले प्रकार. तसं नाहीये. ऑस्ट्रेलियन रूल्सचे (मेलबर्नवाल्याची फूटी ती हीच) नियम मेलबर्नमध्ये १८५९ ला लिहिले गेले, आणि लंडनची फुटबॉल असोसिएशन निघाली १८६३ ला, म्हणजे चार वर्षांनी. त्या आधी इंग्लंडात प्रत्येक शाळेचे नियम वेगळे होते, असोसिएशनच्या बैठकांमध्ये भांडण झालं ते बॉल हातात घेऊन पळायचं का आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची का यावरून, ब्लॅकहीथ क्लब त्यातून बाहेर पडला आणि १८७१ ला रग्बीवाल्यांनी आपली वेगळी युनियन काढली. ही सगळी भावकी आहे, एका घरातून वाटण्या झालेली चुलत भावंडं. एकाला बाप समजून बाकीच्यांना मोजायला गेलात की काहीच हाती लागत नाही.

मग मोजायचं कशाने? माझ्या अनुभवाने एकच प्रश्न पुरतो: ज्याच्याकडे बॉल आहे त्याला समोरच्याने अडवलं, पकडलं किंवा पाडलं, तर पुढच्या दोन सेकंदांत काय होतं? आपण कबड्डी बघत वाढलेली माणसं आहोत, आपल्याला पकड कळते. कबड्डीत पकड झाली, रेडर बाद, विषय संपला. फुटबॉलच्या प्रत्येक प्रकाराने मात्र या पकडीचं वेगळं उत्तर काढलंय आणि तो खेळ कसा दिसतो, त्यात कुठल्या अंगाची माणसं लागतात, लोक कसे बघतात, हे बरंचसं त्या उत्तरातून येतं.

रग्बी युनियन घ्या, १५ जणांचं. पडलेल्या माणसाला बॉल सोडावाच लागतो, आणि मग त्याच्या अंगावरून दोन्ही बाजूचे एकमेकांना ढकलत बॉल आपल्याकडे ठेवायचा किंवा काढून घ्यायचा प्रयत्न करतात. म्हणजे पकड झाल्यावर खरी झटापट चालू होते. म्हणून तिथे सव्वाशे किलोचा माणूसही लागतो आणि चपळ बारीक माणूसही.

रग्बी लीग १३ जणांचं, बघायला सारखंच वाटतं पण पडलेला माणूस उठतो, बॉल पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे. अशा सहा पकडी मिळतात, नंतर बॉल समोरच्याला, त्यामुळे पाचवी झाली की बहुतेक वेळा लांब किक मारतात. हे दोन खेळ वेगळे का झाले ते ऐकण्यासारखं आहे. १८९५ ला उत्तर इंग्लंडातल्या क्लबांचे खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत काम करणारे होते, शनिवारी मॅच खेळली की खाडा पडायचा आणि मजुरी बुडायची, क्लब म्हणाले तेवढी भरपाई देऊ द्या, लंडनची युनियन म्हणाली पैसे घेऊन खेळणं चालणार नाही. हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये बैठक झाली आणि उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. ज्यांचे आजोबा लालबाग-परळच्या गिरण्यांत होते त्यांना खाडा म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. युनियनने स्वतः खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला मान्यता दिली १९९५ ला, बरोबर शंभर वर्षांनी. माझा सिडनीचा सहकारी ज्याला फूटी म्हणतो ते हेच, लीग.

अमेरिकन फुटबॉलमध्ये माणूस पाडला की शिट्टी, खेळ थांबला. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं, गेलात तर परत चार. चौथा प्रयत्न म्हणजे आपली प्रो कबड्डीतली डू ऑर डाय रेड समजा, भाच्याला हे एवढं सांगितलं आणि त्याला अर्धा खेळ कळला. आता खेळ दर वेळी थांबतो म्हटल्यावर काय होणार, प्रत्येक वेळी नवीन डाव आखता येतो, कोच मोठा होतो, एका कामाचा एक माणूस ठेवता येतो (फक्त किक मारणारा असतो, तो बाकी काही करत नाही), आणि जाहिरातींना भरपूर जागा मिळते. तीन तासांच्या प्रक्षेपणात बॉल खरोखर खेळात असतो ती वेळ जेमतेम ११ मिनिटं मोजलेली आहे. मला हे आधी खुपायचं. आता मी त्या थांब्यांमध्येच बघतो की कोण कुठे उभा राहिला, आणि खेळ बुद्धिबळासारखा उलगडतो. बॉल पुढे फेकायची परवानगी सुद्धा १९०६ ला आली, कारण त्याच्या आधीच्या वर्षांत घोळक्यात चिरडून पोरं मरत होती आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना मध्ये पडावं लागलं होतं.

ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये उलटं, पकडलं गेलात की बॉल ताबडतोब सोडा, पण फेकायचा नाही, एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा द्यायचा किंवा किक मारायची. सोडायची संधी होती आणि नाही सोडला तर फ्री किक समोरच्याला. पकड झाली रे झाली की अख्खं स्टेडियम "बॉऽऽल" ओरडतं, अंपायरला आठवण म्हणून. ऑफसाइड नाहीच, १८ विरुद्ध १८, सगळीकडे पळापळ. १५ मीटरपेक्षा लांबून आलेली किक थेट झेलली तर त्याला मार्क म्हणतात आणि शांतपणे पुढची किक मारता येते, त्यासाठी माणसं एकमेकांच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर झेप घेतात, दहीहंडी बघितलेल्या ठाणेकराला तो क्षण लगेच आवडेल.

आणि आयर्लंडचं गेलिक फुटबॉल, तिथे पकडायचंच नाही. उघड्या हाताने बॉल उडवायचा किंवा खांद्याला खांदा देऊन ढकलायचं, बस. बॉलवाल्याने चार पावलं टाकली की बॉल जमिनीवर आपटायचा किंवा स्वतःच्या पायाने उडवून परत हातात घ्यायचा, लागोपाठ दोनदा आपटता येत नाही. सॉकरबद्दल वेगळं लिहीत नाही, ते तुम्हाला येतंच.

स्कोअरबोर्डवर लोक गोंधळतात म्हणून दोन गोष्टी. ऑस्ट्रेलियन रूल्सला चार खांब असतात, मधल्या दोघांतून किक गेली तर गोल ६ चा, बाजूच्या फटीतून गेला तर १. म्हणून १२.८ (८०) असं दिसलं तर १२ गोल म्हणजे ७२, अधिक ८, एकूण ८०. गेलिकमध्ये जाळीत मारला तर ३, वरच्या आडव्या दांडीवरून गेला तर १, आणि २०२५ पासून मैदानावर आखलेल्या ४० मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारला तर २. तिथे २-१४ लिहिलं असेल तर ते २० आहेत. युनियनला ट्राय (समोरच्याच्या रेषेपलीकडे बॉल टेकवणं) ५ चा आणि लीगला ४ चा, अमेरिकन टचडाऊन (बॉल रेषेपार नेणं) ६ चा. बाकीचं बघता बघता येतं.

नियम झाले की दुसरा प्रश्न विचारायचा, टीम कोणाची आहे?

गेलिकमध्ये टीम काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, आणि खेळाडूंना पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८० हजारांवर लोकांसमोर फायनल खेळणारा माणूस नंतर परत शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो. मला सगळ्यात जास्त जीव याच खेळात वाटतो, कारण आपल्याकडे गावच्या किंवा मंडळाच्या कबड्डी संघाला जो मान असतो तोच इथे अख्ख्या देशाच्या पातळीवर टिकलाय. त्याला इतिहासही आहे. हा खेळ चालवणारी संघटना १८८४ ला आयरिश खेळ जपायला निघाली, ब्रिटिशांचे खेळ खेळणाऱ्याला तिथे बंदी होती ती १९७१ ला उठली, आणि २१ नोव्हेंबर १९२० ला याच क्रोक पार्कमध्ये मॅच चालू असताना ब्रिटिश पोलिसांनी गोळीबार केला, १४ जण गेले, त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता, तिथल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. आता हे कोलकात्याच्या मोहन बागान क्लबच्या १९११ च्या विजयाशेजारी ठेवून बघा. साम्राज्य तेच. आयरिश लोकांनी इंग्रजांचा खेळ नाकारून आपला खेळ उभा केला, आणि बंगालच्या पोरांनी इंग्रजांच्याच खेळात, सॉकरमध्ये, बहुतेक अनवाणी, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड नेली. दोन्ही उत्तरं मला तेवढीच मोठी वाटतात.

मेलबर्नमध्ये क्लब वस्त्यांचे, कॉलिंगवूड, रिचमंड, कार्ल्टन ही एकाच शहरातली भागांची नावं, म्हणजे ठाण्यात नौपाडा विरुद्ध कोपरी अशी मॅच आणि बघायला ९० हजार. अमेरिकेत टीम मालकाची असते, त्याने ठरवलं तर शहर सोडून जाते. बाल्टिमोर कोल्ट्सचं सामान १९८४ च्या मार्चमध्ये रातोरात ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला गेलं, सकाळी शहराची टीमच नव्हती. ग्रीन बे पॅकर्स हा अपवाद, तो साध्या चाहत्यांच्या शेअरवर चालतो. पण त्याच अमेरिकेत शेवटी आलेल्या टीमला पुढच्या वर्षी नवा खेळाडू सगळ्यात आधी निवडायला मिळतो, आणि इंग्लंडच्या सॉकरमध्ये शेवटचे तीन थेट खालच्या डिव्हिजनला ढकलले जातात. यातलं जास्त न्याय्य कुठलं यावर आमच्या डब्यात नेरूळ ते ऐरोली वाद झालाय, प्रवास पुरला नाही.

मैदानाचंही बघा. ३० ऑक्टोबर २०२२ ला डी वाय पाटीलला १७ वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. ते स्टेडियम क्रिकेटचं, गोल, त्यामुळे सॉकरचं चौकोनी मैदान मध्ये आणि प्रेक्षक लांब. ऑस्ट्रेलियन रूल्सला हीच गोल जागा पूर्ण लागते, कारण टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ ला पत्र लिहून सुचवलेलं की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांनी अंग मोकळं ठेवायला फुटबॉल खेळावा. नवी मुंबईत सॉकरपेक्षा हा खेळ त्या मैदानात जास्त शोभेल असं मला मनापासून वाटतं.

बघायला कधी बसायचं? ऑस्ट्रेलियन रूल्सची ग्रँड फायनल सहसा सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आपल्या सकाळी १० ला, गेलिकची जुलैत रविवारी रात्री ८ च्या सुमारास, अमेरिकन फुटबॉलची फायनल म्हणजे सुपर बोल फेब्रुवारीत सोमवारी पहाटे ५ ला. युनियनसाठी फेब्रुवारी-मार्चमधली सिक्स नेशन्स स्पर्धा, त्यात इंग्लंड-स्कॉटलंड चुकवू नका, त्या मॅचचा कलकत्ता कप हा कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ ला बंद झाल्यावर उरलेले चांदीचे रुपये वितळवून बनवलाय, झाकणावर हत्ती आणि पकडायला तीन नाग. पहिल्या मॅचला स्कोअरकडे बघू नका, फक्त पकडीनंतरचे दोन सेकंद बघा.

आणि जमलं तर खेळून बघा. आठ-दहा पोरं, दोन नियम: रग्बीसारखा पास फक्त मागे द्यायचा, हात लागला की थांबून बॉल आपल्याच साथीदाराला द्यायचा. टॅकल नको. आम्ही नेरूळच्या मैदानात रविवारी हे केलं तर सॉकरवाली पोरं पंधरा मिनिटं पुढेच पास देत होती आणि कबड्डीवाल्या दोघांना लगेच जमलं. टर्फवर मात्र हे फक्त हाताने खेळा, वर जाळी असते, उंच किक अडकते, आणि मार्क झेलायचा सराव करायचा तर मोकळं मैदान आणि पावसानंतरची मऊ जमीन शोधावी लागते.