पुण्यात सेकंड हँड टू-सीटर कन्व्हर्टिबल: आधी छत, मग इंजिन

नागपूर-अमरावतीकडून हिंजवडी-खराडीत नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींचा जम बसला, की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "भाऊ, उघड्या छताची गाडी घ्यावी म्हणतो." घ्या की. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात छत उघडून फिरणं म्हणजे स्वतःहून भट्टीत बसणं. इथे निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळच्या वेळी तो शौक खरंच पुरा होतो. उरलेलं वर्ष गाडी जपायची, आणि मुख्य म्हणजे पावसापासून. लोक इंजिनाचा आवाज ऐकून भुलतात. मी म्हणतो, इंजिन नंतर, आधी छत.

बाजारात फार पर्याय नाहीत. बीएमडब्ल्यू झेड-फोर, मर्सिडीज एसएलके आणि तिचीच पुढची एसएलसी, पोर्शे बॉक्सटर, क्वचित ऑडी टीटी रोडस्टर. हौसच असेल तर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म: फायबरची बॉडी, रेनॉचं 1149 सीसी इंजिन. पण ओळखीचा, चिकाटीचा मेकॅनिक असेल तरच तिच्या वाटेला जा. माझदा एमएक्स-5 भारतात कंपनीने कधी विकलीच नाही, त्यामुळे कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर आधी कागद मागा. साध्या गाडीचं छत कापून केलेली 'कन्व्हर्टिबल' तर बघायलाही जाऊ नका. अशा गाडीत छत हा सांगाड्याचाच भाग असतो, ते कापलं की अपघातात बॉडी दुमडते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं.

आता छत. 2009 ते 2016 मधल्या झेड-फोरचं छत घडी होणाऱ्या पत्र्याचं आहे. विकणाऱ्यासमोर तीन-चार वेळा उघडझाप करा, एकदा थंड गाडीवर आणि एकदा तासभर चालवून आल्यावर. मधेच अडखळलं, पंपाचा सूर बदलला किंवा डिकीच्या अस्तरावर तेलाचे डाग दिसले, तर हायड्रॉलिकचं काम निघणार हे धरून चाला. काम छोटं नसतं. छताच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, आणि इथल्या वर्षावृक्षांचा-गुलमोहराचा पाला त्यात अडकतो. 2009 आधीच्या झेड-फोरमध्ये छताची मोटर या नळीजवळच्याच खोबणीत बसवलेली असते. नळी तुंबली की मोटर बुडाली. म्हणून बादलीभर पाणी हळूहळू ओता आणि ते गाडीखाली कुठून बाहेर पडतं ते वाकून बघा. विकणारा नाक मुरडेल, मुरडू द्या. शक्य असेल तर सौदा जुलै-ऑगस्टमध्येच करा. गळकं छत तेव्हा लपत नाही, आणि दारं लावून आत पाच मिनिटं बसलात की ओल्या कार्पेटचा वास सगळं सांगतो.

पाण्याची दुसरीही गोष्ट आहे. सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला, जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, सीटच्या रुळांमध्ये बोट फिरवा. गाळ तिथे राहतोच. बॉक्सटर घेणार असाल तर 2008 पर्यंतच्या इंजिनातल्या आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगची) चौकशी करा. ते फुटलं तर इंजिनच जातं. 2009 पासूनच्या इंजिनात ते नाही.

टोकन देण्याआधी गाडी तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उतरवून बघा. रॅम्पच्या तोंडाशी बंपर घासला तर रोज घासणार. पेठांतल्या गल्ल्यांत तिची आशा सोडा, पार्किंगही नाही आणि दुचाकीवाल्यांना तिच्याकडे बघण्याचा मोहही आवरत नाही. हिवाळ्यात उजाडताच चांदणी चौकातून पिरंगुटमार्गे लवासाकडे निघा. ताम्हिणी पावसाळ्यातल्या रविवारी मुळीच नको, तिथे गाडी कमी आणि माणसं जास्त असतात.

कागदांत घाई करू नका. एमएच-12 किंवा एमएच-14 पासिंग असेल तर गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, कर्ज फिटलेलं असेल तर बोजा उतरवायला फॉर्म 35. महागड्या गाड्यांवर पुदुचेरीची पाटी बरेचदा दिसते, कारण तिथे कर कमी. अशी गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर एनओसी आणून महाराष्ट्राचा कर भरून नवा नंबर घ्यावाच लागतो, आणि आयात गाड्यांचा कर इथे मोठा आहे. तो आकडा आरटीओतून काढून मगच भाव ठरवा. जुनी ई-चलनं विकणाऱ्याकडून भरून घ्या. विमा 14 दिवसांत तुमच्या नावावर व्हायला हवा, आणि जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबरच जातो. आरसीवर तुमचं नाव दिसेपर्यंत थोडी रक्कम हातात राखून ठेवा.